पासंग

नुगझारकाका काट्यावर चढतात, जोड्यांसकट.
मी म्हणते, जोडे काढा.
फरशी गार आहे पोरी, ते म्हणतात,
कुताइसीतला मार्च हाडात शिरतो.
खरंच शिरतो. तरी म्हणते, काढा.

बासष्ट किलो चारशे.
मागच्या खेपेला साठ होते.
केमोच्या चौथ्या फेरीनंतर वजन वाढलेला माणूस
अकरा वर्षांत मी क्वचितच पाहिला.

माझ्या कागदावर मोजकेच प्रश्न असतात.
सहा महिन्यांत वजन उतरलं का, आपण न उतरवता?
गेल्या आठवड्यात ताट निम्म्यावर आलं का?
दोन मिनिटांचं काम.
ज्यांना ती दोन मिनिटं कुणीच दिली नाहीत
त्यांची नावं माझ्याकडे दुसऱ्या वहीत आहेत.
ती वही मी कुणाला दाखवत नाही.

जेवता ना?
म्हणजे काय! काल घेवड्याचं लोबिओ,
मक्याची म्चादी, वर आंबट आलुबुखारची चटणी.
त्सिआलाकाकू दाराशी उभ्या आहेत.
त्या खिडकीबाहेर बघू लागतात
आणि मला कळतं
कालचं लोबिओ कुणाच्या अंगी लागलं.
शेजारच्या मांजराच्या.

दंडाभोवती फीत गुंडाळते. फीत पुरून उरते.
अंगठीला आतून दोरा गुंडाळलाय, निळा, शिवणाचा.
कोट काढा, म्हणते.
कोट खुर्चीवर पडतो तो
कोटासारखा पडत नाही.

खिशातून निघतं एक दोन किलोचं वजन,
एक किलोचं, अर्ध्या-अर्ध्याची दोन,
ओतीव लोखंड, वर जुन्या राजवटीचा ठसा.
काका ओझुर्गेतीच्या चहा-केंद्रावर तोलाईला होते,
एकतीस वर्षं.

बायका पानं भिजवून आणायच्या, ते सांगतात,
कुणी टोपलीच्या तळाशी दगड.
मी सगळे पकडायचो. हात लावला की कळायचं.
फक्त एलिसोचा दगड मी पान म्हणून लिहिला.
सातवा महिना होता तिला.
मग माझ्याकडे बघतात.
एकदाच, पोरी.
वजन कमी दिसलं तर डॉक्टर फेरी पुढे ढकलतील.

काका, औषध वजनावर मोजतात.
या चार किलो लोखंडालाही मग द्यावं लागेल.

ते बराच वेळ काही बोलत नाहीत.
त्यांना तोलाईतलं कळतं.
मागच्या साठात किती लोखंड होतं, मी विचारत नाही.
सप्टेंबरात ते एकाहत्तर होते.
तेव्हाच्या कागदावर प्रश्नांपुढे रेघ मारलेली आहे.
अक्षर माझंच.

मग ते वाकतात, गुडघ्यावर हात देऊन,
आणि दोन किलोचं वजन माझ्या काट्यावर ठेवतात.
दोन किलो दोनशे.
एक किलोचं ठेवतात. एक किलो दोनशे.
तुझा काटा खोटा बोलतो, ते म्हणतात,
रागाने नाही, जसं एखाद्या नवशिक्याला सांगावं.
कधीपासून?

हिवाळा आठवते. कोण कोण चढून गेलं,
कोण काठावर होतं म्हणून
मी "पुढच्या वेळी बघू" म्हटलं.
दोनशे ग्रॅम. पासंगालाही न पुरणारे.

अठ्ठावन्न किलो दोनशे, मी लिहिते.
ते वाकून आकडा तपासतात, मान हलवतात.

तोंडाला कसली चव येते?
लोखंडाची, ते म्हणतात, आणि स्वतःच हसतात,
त्या हसण्यात दात मोठे दिसतात.
मग लाकडी चमचा घ्या. धातूचा नको.
दर दोन तासांनी थोडं, भूक नसली तरी.
मात्सोनीत अक्रोड वाटून घाला. अंडं. तेल सढळ.
त्सिआलाकाकू तळहातावर लिहून घेतात.
डॉक्टर ग्वान्त्साशी फेरीचं मी बोलेन,
काय बोलेन ते अजून ठरलेलं नाही.

वजनं मात्र परत द्या, काकू म्हणतात,
कोबीच्या लोणच्यावर ठेवायला लागतात.
मी अर्ध्या किलोचं एक मागून घेते,
मंगळवारपर्यंत.